सहीखालची तारीख

अण्णांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “पार्ट टू ऑर्डर निघाली का?”

ऑगस्ट २०१० मधली शनिवारची दुपार. अमेरिकेच्या आर्मी नॅशनल गार्डमध्ये मी तासाभरापूर्वी सेकंड लेफ्टनंट झाले होते. आई माझ्या खांद्यावरची सोनेरी पट्टी बोटाने चाचपून बघत होती, नवरा फोटो काढत होता आणि अण्णा थेट कागदांवर आले होते. मराठा लाइट इन्फंट्रीत सिपाही म्हणून भरती होऊन सुभेदार म्हणून बाहेर पडलेला माणूस. भारतीय सैन्यात लग्न झालं, मूल झालं, कोर्स पास झाला, काहीही घडलं तरी त्याची पार्ट टू ऑर्डर निघावी लागते. ती निघाली नाही तर पगाराच्या हिशेबात ते घडलेलंच नसतं. अण्णा सांगतात, त्यांच्या कंपनीतल्या एकाला पोरगं झालं तरी सरकारदरबारी तो ब्रह्मचारीच होता, कारण लग्नाची ऑर्डर कुठेतरी अडकली होती.

मी हसून म्हटलं, “अण्णा, इथे सगळं कॉम्प्युटरवर असतं.”

ते काही बोलले नाहीत. नुसती मान हलवली.

ही गोष्ट माझ्या बोनसची आहे, पण आधी थोडं मागचं सांगते. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. घराघरातून कोणीतरी फौजेत. त्याच जिल्ह्यातल्या अपशिंग्याच्या तर नावातच ‘मिलिटरी’ आहे. मी कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून सिव्हिल केलं, १९९९ मध्ये एमएससाठी इकडे आले, मग नोकरी, लग्न, ग्रीन कार्ड, सगळ्यांसारखीच वाट. २००६ मध्ये नॅशनल गार्डमध्ये भरती झाले तेव्हा मात्र इथल्या मराठी मंडळींत कुजबुज झाली. ग्रीन कार्डवर शिपाई होता येतं, अधिकारी व्हायला नागरिकत्व लागतं. ११ सप्टेंबर २००१ पासून पुढे फौजेत असलेल्या परदेशी लोकांना त्यासाठी नेहमीची वर्षं थांबावं लागणार नाही, असा बुश यांचा २००२ चा आदेश होता. त्यामुळे माझं ते काम २००७ मध्ये उरकलं. गार्ड म्हणजे महिन्यातला एक शनिवार-रविवार ड्रिल आणि वर्षाला दोनेक आठवड्यांचा सराव. एरवी मी पुलांची ड्रॉइंग्ज तपासत असते.

आता बोनसचं. इराक आणि अफगाणिस्तान, दोन्हीकडे युद्ध चालू होतं आणि कनिष्ठ अधिकारी कमी पडत होते. ज्या शाखांत तुटवडा, त्या शाखेत कमिशन, म्हणजे अधिकारीपद, घ्यायचं, ठरलेली वर्षं राहायचं कबूल करायचं, त्याबद्दल १०,००० डॉलर. याला म्हणायचं साइनिंग बोनस, पण सही केल्यावर पैसे मिळत नाहीत. माझ्या करारात ते शाखेचा बेसिक कोर्स पास झाल्यावर, एकरकमी, असे होते. मी इंजिनिअर शाखा घेतली. बोनस नसता तरी तीच घेतली असती, हे आधीच कबूल करते. नवऱ्याने पुढे भांडणाच्या भरात हेच माझ्या तोंडावर फेकलं होतं. माझं म्हणणं एवढंच, की मग तो आकडा लिहून माझ्यापुढे ठेवायला नको होता.

करार म्हणजे मूळ कागदांना जोडलेलं एक ॲडेंडम. त्यावर सह्या झाल्या समारंभाच्याच सकाळी, सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात, एका घडीच्या टेबलावर. आमच्या आर्मरीचा, म्हणजे युनिट जिथे जमतं त्या इमारतीचा, रेडिनेस सार्जंट पानं घेऊन आला होता. आम्ही बाकीचे महिन्यातून दोन दिवस उगवणारे, हा तिथे रोज असणारा, युनिटचा सगळा कागदी संसार याच्या एकट्याच्या डोक्यावर. प्रत्येक परिच्छेदापुढे मी आद्याक्षरं घातली. शेवटच्या पानावर सहीच्या वर एक चौकट रिकामी दिसली. बोनस कंट्रोल नंबर.

“हे?”

“तो राज्याच्या ऑफिसातून सोमवारी येईल. आला की मी भरतो आणि खाली माझी सही करतो.”

हा नंबर म्हणजे काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. सोप्या भाषेत, तुमच्या नावाने एवढे पैसे बाजूला काढले, याची ती खूण. तो आधी मागवायचा आणि सह्या नंतर करायच्या, असा नियम. आज माझ्यासमोर कोणी रिकाम्या चौकटीखाली सही करायला लागलं तर मी त्याच्या हातातलं पेन काढून घेईन. त्या सकाळी मी बूट चमकावून, अंबाडा पिनांनी आवळून, आईला आत बसायला जागा मिळाली का या काळजीत उभी होते. सही केली, तारीख घातली, आत गेले.

इथे एक पद्धत आहे. नव्या अधिकाऱ्याला पहिला सॅल्यूट जो सैनिक करतो, त्याला अधिकाऱ्याने चांदीचा डॉलर द्यायचा. मी तो मान त्याच सार्जंटला दिला. त्याने सॅल्यूट केला, हस्तांदोलन करताना नाणं त्याच्या तळव्यात गेलं. मग पार्किंगमध्ये, कोणी बघत नाही असं बघून, अण्णांनी टाचा जुळवल्या आणि मला सॅल्यूट ठोकला. आपल्याकडचा, तळवा समोर दाखवणारा. माझा उत्तरादाखलचा सॅल्यूट अमेरिकन पद्धतीचा, तळवा खाली. दोघांचे हात दोन तऱ्हांनी वर आणि मध्ये आई पदराने डोळे पुसत. अण्णांसाठी मी दुसरा डॉलर घेऊनच ठेवला होता. तेव्हा सही केल्या दिवशी पैसे गेले ते माझ्याच पर्समधून.

नंबर सोमवारी आला नाही. तो आला नऊ दिवसांनी. सार्जंटने शब्द दिल्याप्रमाणे चौकट भरली, खाली सही केली आणि सहीखाली त्या दिवशीची तारीख घातली. प्रामाणिकपणे.

२०११ चा पूर्वार्ध मिझुरीतल्या फोर्ट लेनर्ड वुडमध्ये गेला. तिथले लोक त्याला फोर्ट लॉस्ट इन द वुड्स म्हणतात आणि हिवाळ्यात ते पटतं. पूल टाकणं, सुरुंग काढणं, स्फोटकांचे हिशेब. कोर्स पास झाले, घरी आले, प्रमाणपत्राची प्रत आर्मरीत दिली आणि बोनसची वाट बघू लागले. दर ड्रिलला विचारायचं, “काय झालं?” उत्तर ठरलेलं, “प्रोसेसमध्ये आहे.” २०१२ मध्ये बोनसच्या नोंदींसाठी नवी संगणकप्रणाली आली. जुने करार तिच्यात चढवताना प्रत्येक करारावरची प्रत्येक तारीख दुसऱ्या तारखेशी ताडून बघितली जाऊ लागली. तोवर माझा सार्जंट निवृत्त होऊन गेला होता.

मार्च २०१३ मध्ये पत्र आलं. एक पान. माझा बोनस रद्द. कारणं दोन. एक, युनिटच्या प्रतिनिधीची सही कमिशनच्या दिवसाची नाही. दोन, बोनस कंट्रोल नंबर करारावर माझी सही झाल्यानंतर मागवला गेला. खाली एक ओळ होती, की मला पैसे दिलेलेच नसल्याने वसुली करण्याचं कारण नाही. ही ओळ मी दोनदा वाचली. उपकार केल्यासारखी लिहिली होती.

मला राग नक्की कशाचा आला, ते नीट सांगता आलं पाहिजे. पैसे गेले याचा आलाच. पण दोन्ही चुकांमध्ये माझा हात कुठेच नव्हता. नंबर मागवणं माझं काम नव्हतं, तो मागवण्याची परवानगीही मला नव्हती. सही उशिरा केली ती मी नव्हे. आणि माझ्या बाजूने जे देणं होतं त्यातला एक दिवसही मी मागे घेऊ शकत नव्हते. रद्द फक्त एका बाजूचं झालं होतं. कराराची पहिली पानं, जिथे मी काय काय करीन ते लिहिलं होतं, ती सगळी शाबूत होती.

पहिली पायरी म्हणजे एक्सेप्शन टू पॉलिसी. नियमाला अपवाद करावा अशी विनंती, आणि ती करायची आपल्याच वरिष्ठांमार्फत. मी अर्ज लिहिला, कंपनी कमांडरने शिफारस केली, बटालियनने केली, राज्याच्या ऑफिसने ‘या अधिकाऱ्याची चूक नाही’ असं लिहून वर पाठवलं. ज्या ऑफिसातून नंबर नऊ दिवस उशिरा आला, तेच ऑफिस. त्यांचंही मी वाईट मनावर घेत नाही. दोन माणसं आणि सगळ्या राज्याचे बोनस. फेब्रुवारी २०१४ मध्ये वरून नकार आला. त्यात पुन्हा तीच दोन कारणं आणि संरक्षण खात्याच्या सूचनेचा क्रमांक, १२०५.२१, परिच्छेद ६.२. मी ती सूचना काढून वाचली. तिथे म्हटलंय, की बोनस घेणाऱ्याने अटी समजल्याचा लेखी करार करावा. माझी तर तीच सही वेळेवर होती! परिच्छेद माझ्या बाजूचा, तो वापरला होता माझ्याविरुद्ध.

मग इन्स्पेक्टर जनरलकडे, म्हणजे सैन्यातल्या तक्रारी बघणाऱ्या ऑफिसात, गेले. तिथल्या बाईंनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की या तक्रारीला कायद्याने ठरवून दिलेला दुसरा रस्ता आहे, आणि तसा रस्ता असला की आम्ही मध्ये पडत नाही. निदान रस्त्याचं नाव त्यांनी सांगितलं. आर्मी बोर्ड फॉर करेक्शन ऑफ मिलिटरी रेकॉर्ड्स. वॉशिंग्टनच्या शेजारी आर्लिंग्टनमध्ये बसतं.

हे कोर्ट नाही. तीन सभासद, तिघेही गणवेश नसलेले नागरी अधिकारी. ते तुम्हाला बोलावत नाहीत. सुनावणी मागता येते, पण ती द्यायची की नाही हे तेच ठरवतात आणि बहुतेक वेळा देत नाहीत. सगळं कागदावर. अर्जाचा फॉर्म डीडी १४९, फी नाही, वकील लागत नाही. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा. आणि बोर्ड सुरुवात कुठून करतं, तर सरकारी कामकाज नियमाप्रमाणेच झालं असं धरून. ते तसं झालं नाही, हे दाखवायचं ओझं अर्जदारावर.

हे ओझं म्हणजे काय ते कागद गोळा करायला बसले तेव्हा कळलं. इथल्या सैनिकांकडे एक जाड बाइंडर असतो, त्याला सगळे ‘आय लव्ह मी बुक’ म्हणतात. स्वतःविषयीचा प्रत्येक कागद त्यात प्लास्टिकच्या पाकिटांत लावलेला. चेष्टेचं नाव आहे, पण भांडायची वेळ आली की दुसरं काही हाती नसतं. माझा बाइंडर बरा होता. अण्णांची काळी ट्रंक त्याहून बरी. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव आणि आत बेळगावच्या रिक्रूट दिवसांपासूनचा कागद न् कागद. अलाहाबादहून आलेली पेन्शन पेमेंट ऑर्डर त्यांनी लॅमिनेट करून ठेवली आहे आणि पाहुण्यांना देवघराच्या आधी ती दाखवतात.

माझ्याकडे करार होता, कोर्सचं प्रमाणपत्र होतं, नेमणुकीचा आदेश होता. नव्हती ती नंबरासाठी झालेली ईमेलची देवाणघेवाण. सैन्याची एकेओ नावाची जुनी मेल-व्यवस्था बंद होऊन नवी आली होती आणि त्यात माझं २०१० सालचं सगळं गेलं. तीन रात्री शोधलं. शेवटी सापडली ती लेनर्ड वुडच्या एका फाइलमध्ये, पूल टाकण्याच्या नोट्सच्या पाठीमागे. पाठकोरा कागद वाया घालवायचा नाही ही सवय गावाकडची. मेलच्या प्रिंटआउटच्या कोऱ्या बाजूवर मी भारवहन क्षमतेची गणितं केली होती. पुढच्या बाजूला सार्जंटची मेल: समारंभाच्या आदल्या बुधवारी त्याने राज्याच्या ऑफिसला नंबर मागितला होता.

आदल्या बुधवारी! म्हणजे त्याने विनंती वेळेत केली होती. प्रणालीत ती नोंदली गेली तेव्हाची तारीख नंतरची होती. नकाराचं दुसरं कारण या एका पाठकोऱ्या कागदाने लंगडं झालं.

मग सार्जंटला शोधलं. ओळखीतून फोन मिळाला. तो आता दोन राज्यं पलीकडे मासेमारीच्या बोटी दुरुस्त करतो. मी नाव सांगितल्यावर क्षणभर थांबला आणि म्हणाला, “लेफ्टनंट, तुमचा डॉलर अजून माझ्या टेबलावर आहे.” तोवर मी कॅप्टन झाले होते, पण सांगितलं नाही. त्याने आठवड्याभरात शपथपत्र पाठवलं, दीड पान, हाताने लिहिलेलं. त्यातली एक ओळ माझ्या मनात राहिली. मी मागची तारीख घातली असती तर या अधिकाऱ्याला पैसे मिळाले असते, हे मला आता कळतं. पण मी जेव्हा सही केली तीच तारीख घातली.

हीच तर सगळी केस होती. खोटी तारीख घातली असती तर कागद निर्दोष. खरी घातली म्हणून सदोष.

अर्जासोबतचं निवेदन मी चारदा लिहिलं. पहिलं सात पानांचं. त्यात माझ्या सेवेचं सगळं चरित्र होतं, पुरात भरलेल्या वाळूच्या पोत्यांपर्यंत. गार्डमधल्या एका वकील-अधिकाऱ्याने, इथे त्यांना जॅग म्हणतात, ते वाचलं आणि पेन्सिलीने साडेपाच पानांवर तिरकी रेघ ओढली. “तुम्ही किती चांगल्या आहात याच्याशी बोर्डाला कर्तव्य नाही. काय चुकलं, कोणाच्या हातून, आणि दुरुस्ती म्हणून नोंदीत नेमकं काय लिहिलेलं तुम्हाला हवंय, एवढंच.” हा शेवटचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. मला वाटत होतं, मी पैसे मागतेय. त्याने समजावलं, की हे बोर्ड पैसे देत नाही, नोंद दुरुस्त करतं. नोंद दुरुस्त झाली की पैसे देणं पगार खात्याला भाग पडतं.

फेब्रुवारी २०१५ मध्ये अर्ज गेला. मग शांतता. असे अर्ज दहा महिन्यांत निकालात काढावेत आणि काही झालं तरी अठरा महिन्यांपलीकडे जाऊ नयेत, असं कायदा म्हणतो. कायदा दहा म्हणतो तेव्हा मनात अठरा धरावेत, एवढं मी तोवर शिकले होते.

त्या काळात अण्णांशी रविवारी व्हिडिओवर बोलणं व्हायचं. आईला विषयाचा कंटाळा आला होता, अण्णांना नाही. एकदा मी त्यांना १९३२ ची गोष्ट सांगितली. पहिल्या महायुद्धातल्या इथल्या सैनिकांना १९२४ च्या कायद्याने बोनस मंजूर झाला, पण हातात मिळणार १९४५ मध्ये. मंदीत उपासमार व्हायला लागली तेव्हा हजारो माजी सैनिक आत्ताच द्या म्हणत वॉशिंग्टनला जाऊन तंबू ठोकून बसले. त्यांना हुसकायला जनरल मॅकआर्थरच्या हाताखाली सैन्य आलं, घोडदळ, रणगाडे, अश्रुधूर, आणि तंबू जळाले. पैसे शेवटी १९३६ मध्ये मिळाले, तेही राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टचा नकाराधिकार डावलून. अण्णा ऐकत होते. म्हणाले, “फौजच पाठवली? फौजेवर?” आणि बराच वेळ गप्प.

मग आपल्याकडचं निघालं. चौथ्या वेतन आयोगाने कॅप्टनपासून ब्रिगेडियरपर्यंतच्या अधिकाऱ्यांना रँक पे दिला आणि तेवढीच रक्कम मूळ पगार ठरवताना कापून घेतली. १९८६ पासूनची गोष्ट. धनपालन नावाचे एक मेजर केरळ उच्च न्यायालयात गेले, १९९८ मध्ये जिंकले, आणि सगळ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला २०१२ उजाडलं. अण्णा सुभेदार, त्यांचा या पैशाशी संबंध नाही, पण कँटीनच्या रांगेत उभं राहून त्यांनी ती केस तारखेनिशी पाठ केलेली. “साहेब लोकांना सव्वीस वर्षं लागली,” ते म्हणाले, “तुझी पाच तर झालीत. घाई करू नको.”

त्यांच्या आवाजात सहानुभूती होती की गंमत, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

२०१६ च्या वसंतात एक जाड पाकीट आलं. बोर्डाने वरच्या मुख्यालयाचं मत मागवलं होतं. ते अर्जदाराला दाखवतात आणि उत्तराची संधी देतात. मी पाकीट गाडीतच फोडलं. ज्या मुख्यालयाने दोन वर्षांपूर्वी अपवाद नाकारला होता, त्याच मुख्यालयाच्या दुसऱ्या विभागाने लिहिलं होतं, की अधिकाऱ्याने सद्भावनेने करार केला, तिच्याकडून कसूर नाही, अर्ज मंजूर करावा. मी पुन्हा पुन्हा लेटरहेड तपासलं. इमारत एक, मजले वेगळे असतील. उत्तरात मी एकच वाक्य लिहिलं, की मला हे मत मान्य आहे. जॅगने फोनवर शाबासकी दिली. म्हणाला, आजवरचं तुमचं सर्वांत चांगलं निवेदन.

ऑक्टोबरमध्ये निकालाची वाट बघत असतानाच कॅलिफोर्नियाची बातमी फुटली. तिथल्या गार्डमध्ये दहा वर्षांपूर्वी, युद्धासाठी माणसं टिकवायला, पात्रता न बघता बोनस वाटले गेले होते आणि आता जवळजवळ दहा हजार सैनिकांकडून ते परत मागितले जात होते. लढून आलेली माणसं, कोणाच्या पगारातून कापणी, कोणाच्या घरावर कर्ज. गदारोळ झाला आणि काही दिवसांतच संरक्षणमंत्री ॲश कार्टर यांनी वसुली थांबवली. त्या महिन्याच्या ड्रिलला माझ्या कंपनीतला एक पोरगा, पंचविशीचा, माझ्याकडे आला. “मॅडम, माझाही बोनस आहे. तो परत घेतील का?” मी त्याचा करार मागवला. शनिवारची दुपार, आर्मरीत बाहेर ट्रक धुतायत, आणि मी ओळ न् ओळ बोट ठेवून वाचतेय. नंबर होता. तारखा जुळत होत्या. तरी मी त्याला छातीठोकपणे ‘काही होणार नाही’ म्हणू शकले नाही. म्हटलं, याच्या तीन प्रती काढ, एक आईकडे ठेव. तो हसला. मी हसले नाही.

नोव्हेंबरात निकाल आला. रेकॉर्ड ऑफ प्रोसीडिंग्ज, सात पानं. शेवटाकडे मतांचा तक्ता. पूर्ण दिलासा, अंशतः दिलासा, सुनावणी, अर्ज नामंजूर, अशा चार ओळी आणि तीन सभासदांचे तीन रकाने. पहिल्या ओळीवर तीन फुल्या. बाकीच्या ओळी कोऱ्या. माझं वय एकेचाळीस, दोन मुलं, पन्नास टनी गाड्या पेलणारा पूल मी टाकून दाखवलाय, आणि त्या तीन फुल्यांकडे बघत मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडले. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते मोजायचं राहिलं. भाताचा गोळा झाला.

रात्री पुन्हा शांतपणे वाचलं तेव्हा गंमत लक्षात आली. चूक झाली, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. माफी तर नव्हतीच. लिहिलं होतं ते असं: या अधिकाऱ्याच्या सर्व नोंदी दुरुस्त करून त्यांत असं दाखवावं, की तिच्या करारात बोनस कंट्रोल नंबर योग्य रीतीने समाविष्ट होता आणि अपवादासाठी तिने केलेली विनंती मंजूर झाली होती. झाली होती! नकाराचं पत्र माझ्या बाइंडरमध्ये होतं, सही-शिक्क्यासकट. पण यापुढे तो नकार घडलेलाच नव्हता.

रविवारी अण्णांना ते वाक्य मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला.

“म्हणजे तेव्हाच मंजूर झालं होतं?”

“कागदावर, हो.”

“मग एवढी वर्षं आपण भांडत कशासाठी होतो?”

“तेव्हा मंजूर झालं नव्हतं म्हणून.”

“हां,” ते म्हणाले. “पार्ट टू ऑर्डर निघाली.”

पैसे जानेवारी २०१७ मध्ये खात्यात पडले. केंद्राचा पंचवीस टक्के कर आधीच कापलेला, हाती ७,५००. व्याज नाही. अण्णांनी फोनवरच हिशेब केला. २०१० साली डॉलर सेहेचाळीस रुपये होता, तेव्हा दहा हजाराचे झाले असते चार लाख साठ हजार. आता अडुसष्ट रुपये. साडेसात हजाराचे पाच लाख दहा हजार. “उशिरा मिळाले म्हणून पन्नास हजार जास्तच मिळाले की तुला,” ते म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत, “तो निकालाचा कागद लॅमिनेट करून ठेव.”

केला नाही. लॅमिनेट केलेला कागद स्कॅनरच्या फीडरमधून जात नाही, आणि तो पुन्हा कधी, कोणाला पाठवावा लागेल याचा नेम नाही. हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.